होलोग्रामच्या काचेला प्रकाश किती वेळ द्यायचा?

होलोग्राम म्हणजे चांदीच्या क्षारांचा जिलेटिनमधला थर दिलेल्या काचेवर लेझरच्या प्रकाशाने उमटवलेलं त्रिमित चित्र. त्याबद्दल म्हापशाहून एका तरुण मित्राने विचारलं आहे. त्याचा प्रश्न थोडक्यात असा:

"घरी लाल लेझर डायोड वापरून १० रुपयांच्या नाण्याचे होलोग्राम करतो. डायोड ५ मिलिवॅटचा, ६५० नॅनोमीटरचा आहे, पुढचं भिंग काढलेलं. काचेपासून ४० सेंटिमीटर उंचीवर असतो. पहिल्या डब्यातल्या पीएफजी-०१ काचांवर ५ सेकंदांत नाणं सुरेख उठलं. तो डबा संपला आणि पीएफजी-०३एम काचा मिळाल्या. त्यांना ५, १०, २० सेकंद देऊन पाहिले, जवळजवळ काहीच आलं नाही. शेवटी २ मिनिटं दिली तर काच काळीकुट्ट झाली, पण नाणं नाही ते नाहीच. आता सात काचा उरल्यात. नेमके किती सेकंद द्यायचे?"

थेट उत्तर आधी देतो. लेझर आहे तिथेच ठेवलात तर ०३एम काचेला तुमच्याकडे एक ते दीड मिनिट लागेल. मात्र एवढं वाचून आज रात्रीच सातांतली एक काच लावू नका. तुमची मांडणी एवढा वेळ स्थिर राहत नाही, हे त्या काळ्या काचेवरून दिसतं आहे. होलोग्रामचा वेळ दोन बाजूंनी आवळलेला असतो. काच म्हणते, मला निदान एवढा प्रकाश हवाच. टेबल म्हणतं, मी एवढेच सेकंद गप्प बसू शकतो. काचेची गरज टेबलाच्या ताकदीपलीकडे गेली की कुठलाच वेळ बरोबर ठरत नाही, आणि माणूस सेकंद बदलत बदलत डबा संपवतो. मी स्वतः एका पावसाळ्यात अशा पंधरा काचा घालवल्या आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी काचेची बाजू. तिच्या दर चौरस सेंटिमीटरवर एकूण किती ऊर्जा पडली एवढंच ती मोजते. पीएफजी-०१ ला लाल प्रकाशात साधारण ८० ते १०० मायक्रोज्यूल लागतात. पीएफजी-०३एमला लागतात १५०० ते २०००. दोन्ही रशियातल्या स्लाविच कारखान्याच्या, नावंही सारखी, त्यामुळे फसायला होतं. पण एकीची भूक दुसरीच्या पंधरा-वीस पट आहे. तुम्ही २० सेकंद दिलेत तेव्हा नव्या काचेच्या पोटात गरजेच्या पाव हिश्शाच्या आसपास प्रकाश गेला होता. ती कोरी राहिली यात काचेचा दोष नाही.

हा फरक येतो चांदीच्या क्षारांच्या कणांमुळे. ०१ मधला कण सुमारे ४० नॅनोमीटरचा, ०३एममधला १० च्या आसपास. मोठ्या कणावर प्रकाशाने चांदीचे मोजके अणू सुटे केले की डेव्हलपरमध्ये, म्हणजे चित्र उठवणाऱ्या रसायनात, तो अख्खा कण काळा होतो. लहान कणालाही साधारण तेवढाच प्रकाश पचवावा लागतो, पण त्याच्या वाट्याला तो कमी येतो आणि काळा झाला तरी मिळणारी चांदी इवलीशी असते. मग असली मंद काच घ्यायचीच कशाला? कारण तुम्ही करता तो डेनिस्युक पद्धतीचा होलोग्राम आहे. लेझरचा प्रकाश काचेतून खाली नाण्यावर जातो, परत वर येतो, आणि जाणारा-येणारा प्रकाश जिलेटिनच्या आतच एकमेकांत मिसळून पातळ पातळ थर उमटवतो. लाल प्रकाशात दोन थरांमधलं अंतर सुमारे ०.२ मायक्रोमीटर. बारीक कणाच्या काचेत हे थर स्वच्छ कोरले जातात आणि प्रकाश कणांवर विखुरत नाही, त्यामुळे चित्रामागची धुरकट झाक जवळपास नाहीशी होते. याच तत्त्वावर गाब्रिएल लिपमान यांनी १८९१ मध्ये रंगीत छायाचित्रं दाखवली आणि त्यासाठी त्यांना १९०८ चं नोबेल मिळालं. त्यांचेही कण असेच अतिसूक्ष्म होते आणि एक्स्पोजर, म्हणजे काचेला प्रकाश देणं, फार लांबवावं लागे. युरी डेनिस्युक यांनी १९६२ मध्ये आपली पद्धत मांडली तीही या लिपमानच्या वाटेनेच. बारीक कण घेतला की धीर धरावा लागतो, हा नियम तेव्हापासून बदललेला नाही.

आता तुमच्या काचेवर दर सेकंदाला किती प्रकाश पडतो ते पाहू. तुमच्याकडे मोजमाप नाही असं वाटतं, पण एक आहे: पहिला डबा. ०१ काच ५ सेकंदांत नीट भरली, म्हणजे १०० भागिले ५, दर चौरस सेंटिमीटरला २० मायक्रोवॅट. दुसऱ्या बाजूनेही ताळा बसतो. भिंग काढलेल्या डायोडचा प्रकाश एका दिशेला सुमारे ३० अंश आणि आडव्या दिशेला ८ अंश पसरतो. ४० सेंटिमीटरवर त्याचा उजळ भाग २१ सेंटिमीटर लांब आणि साडेपाच सेंटिमीटर रुंद असा लंबगोल होतो. डायोडमधून खरोखर ४ मिलिवॅट बाहेर पडत असतील तर त्या लंबगोलाच्या मधोमध ३० मायक्रोवॅटच्या आसपास तीव्रता येते, कडेला त्याच्या निम्मी. म्हणजे २० ते ३० मध्ये कुठेतरी. १५०० ला ३० ने भागा किंवा २००० ला २० ने; ५० ते १०० सेकंद मिळतात. वर जे एक ते दीड मिनिट म्हटलं ते इथून आलं.

अंदाज दुपटीने चुकू शकतो, आणि सात काचा असताना दुपटीची चूक परवडत नाही. म्हणून मोजा. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात बीपीडब्ल्यू३४ नावाचा फोटोडायोड (प्रकाश पडला की वीज देणारा छोटा भाग) फार थोड्या पैशांत मिळतो. त्याच्या दोन पायांमध्ये १० किलोओहमचा रेझिस्टर जोडा आणि मल्टिमीटर २०० मिलिव्होल्टवर ठेवून रेझिस्टरवरचा व्होल्टेज वाचा. लाल प्रकाशात १ मिलिव्होल्ट म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ३ मायक्रोवॅट. तुमच्याकडे ७ ते १० मिलिव्होल्ट दिसायला हवेत. खोलीत पूर्ण अंधार हवा, आणि लेझर झाकल्यावर काटा शून्यावर येतो ना ते आधी पाहा. फोटोडायोड काचेच्या जागी काचेसारखाच सपाट ठेवा. लेझर तिरका असेल तर बरेच जण फोटोडायोड लेझरकडे तोंड करून धरतात आणि जास्त आकडा वाचतात. काच मात्र तिरपा प्रकाश जास्त जागेवर पसरून घेते. ४५ अंशांच्या तिरकसपणात तीव्रता ०.७ पटीवर येते, म्हणजे वेळ १.४ पट लागतो.

डोळ्यांवर विसंबू नका, हे आवर्जून सांगतो. ६५० नॅनोमीटरचा लाल रंग आपल्या डोळ्यांना ६३५ च्या लाल रंगाच्या साधारण निम्मा उजळ दिसतो, शक्ती तेवढीच असली तरी. लेझर बदललात आणि "हा जास्त उजळ आहे, वेळ कमी करू" असा विचार केलात तर काच उपाशी राहील. मोबाइलच्या लक्स ॲपचंही, म्हणजे उजेड मोजणाऱ्या ॲपचंही, तसंच. एकाच लेझरच्या कालच्या आणि आजच्या तीव्रतेची तुलना करायला ते ठीक, खरा आकडा म्हणून ते धरू नका.

आता त्या काळ्या काचेकडे वळू. तुमच्या सगळ्या काचांमध्ये मला तीच सर्वांत बोलकी वाटते. २ मिनिटांत तिला २४०० ते ३६०० मायक्रोज्यूल मिळाले. गरजेपेक्षा जास्त, पण तिप्पट-चौपट नाही. एवढ्या जास्तीने चित्र मळकट होतं, फिकं होतं, मागे धुकं येतं, तरी नाणं ओळखू येतं. तुमचं नाणं समूळ गायब आहे. प्रकाश पोचला, चांदी काळी झाली, पण ते बारीक थर उमटलेच नाहीत. कारण दोन मिनिटांत ते एकाच जागी राहिले नाहीत. ६५० नॅनोमीटरच्या प्रकाशात नाणं काचेच्या तुलनेत ८० नॅनोमीटर सरकलं की चित्र कमजोर पडतं, १६० सरकलं की पुसलंच जातं. ८० नॅनोमीटर म्हणजे केसाच्या जाडीचा हजारावा भाग. ५ सेकंदांत तुमचं टेबल याच्या आत राहिलं, २ मिनिटांत नाही राहिलं. पहिल्या डब्याच्या वेळी हा दोष तिथेच होता, फक्त त्याला वाव मिळाला नव्हता.

इथे एक दिलासाही आहे. अख्खं टेबल, काच आणि नाणं एकत्र डोलले तर काही बिघडत नाही. बिघडतं ते नाणं आणि काच एकमेकांपासून सरकले तर. म्हणून लाखाचं टेबल नसताना डेनिस्युक पद्धत घरात जमते. नाणं जाड पोलादी तुकड्यावर फेव्हिक्विकने पक्कं करा. दुहेरी टेप आणि प्लॅस्टिसिन तासन्‌तास हळूहळू दबत राहतात, गरम गोंद थंड होताना ओढतो. ही तिन्ही ५ सेकंदांना चालतात, मिनिटाला चालत नाहीत. काच नाण्याच्या किंचित वर, तीन टेकूंवर ठेवा. चार टेकू दिलेत तर ती नेहमी एका कोपऱ्यावर डुगडुगते.

या तीन टेकूंपैकी एकाच्या डोक्यावर आरशाचा बोटाच्या नखाएवढा तुकडा चिकटवा, काचेची मसाल्याची, म्हणजे जिलेटिनच्या थराची, बाजू त्यावर टेकेल असा. हा छोटा तुकडा माझ्या मते महागड्या उपकरणाइतका उपयोगी आहे. आरसा काचेला टेकलेला असल्यामुळे तो तिच्यापासून सरकू शकत नाही. मग वाळलेल्या काचेवर तो कोपरा रंगीत चमकला आणि नाणं दिसलं नाही, तर प्रकाश आणि रसायनं ठीक, हालचाल दोषी. कोपराही मेला असेल तर आधी प्रकाश आणि डेव्हलपर तपासा. एका काचेत दोन प्रश्नांची उत्तरं वेगवेगळी मिळतात. हे मला सुरुवातीला कोणी सांगितलं असतं तर त्या पंधरांतल्या दहा काचा तरी वाचल्या असत्या.

हालचाल कुठून येते ते शोधायला काच खर्च करायची गरज नाही. लेझरवर भिंग परत बसवा, साध्या काचेच्या पट्टीने किरण दोन वाटांनी फोडा, दोन छोट्या आरशांवरून परत आणून एकत्र करा आणि एका भिंगाने भिंतीवर पसरवा. काळ्या-लाल पट्ट्या दिसतील. घड्याळ लावून त्यांच्याकडे बघत बसा. पट्टी पाव रुंदीने सरकायला जेवढे सेकंद लागतात, तेवढा तुमच्या टेबलाचा दम. पट्ट्या थरथरल्या तर कुठून तरी हादरा येतो आहे. सावकाश एकाच दिशेने वाहत गेल्या तर हवा किंवा ऊब. एकदम उडी मारली किंवा क्षणभर विरून गेल्या तर दोष लेझरचा आहे. डायोड तापला की तरंगलांबी बदलतो, कधी एकदम उडी घेतो. हे दिसावं म्हणून दोन्ही वाटांच्या लांबीत थोडा फरक ठेवा.

फोंड्याला आमच्या घरी हे पहिल्यांदा केलं तेव्हा रात्री सगळं निजलेलं असताना पट्ट्या दर अर्ध्या तासाने नाचायच्या. शेजारच्या खोलीतला फ्रिज सुरू होत होता. रस्त्यावरून ट्रक गेला की त्या पंधरा सेकंद थरथरायच्या आणि मग शांत व्हायच्या. म्हणून ट्रक गेल्यावर मी पूर्ण मिनिटभर थांबतो. आणि ज्या पावसाळ्यात पंधरा काचा गेल्या, त्याचं कारण होतं डोक्यावर: मंगळुरी कौलांवर पडणारा पाऊस. कानाला तो आवाज सवयीचा, मन त्याची दखलही घेत नाही. पट्ट्या मात्र प्रत्येक सरीबरोबर पुसल्या जात होत्या. त्यानंतर जून ते सप्टेंबर मी पावसाच्या उघडिपीतच लांब एक्स्पोजर देतो.

तुम्ही पहिल्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये काम करता. स्लॅब हा ढोलाच्या चामड्यासारखा असतो. वरच्या मजल्यावर कोणी चाललं, पाण्याचा पंप सुरू झाला, जिन्यात दार आपटलं की तो घुमतो. डिचोलीला आजोळी चिऱ्यांचं जुनं घर आहे असंही पत्रात लिहिलं आहे तुम्ही. सरळ तिथे जा. तळमजला, शेणाने सारवलेली किंवा साधी फरशीची जमीन, त्यावर स्कूटरच्या दोन ट्यूब अर्ध्या फुगवून, त्यावर कडप्प्याची जाड फरशी. ट्यूब कडक फुगवू नका. हाताने फरशी दाबून सोडली तर तिने सेकंदाला एक-दोनदा सावकाश डुलायला हवं. पंखा बंद, खिडक्या बंद, दाराखालच्या फटीत गोधडी. एप्रिलमध्ये हे सोसवत नाही, पण पंख्याची हवा काचेवरून गेली की सगळी मेहनत वाया जाते. लेझर, शटर आणि तुम्ही, तिघेही फरशीपासून वेगळे. लेझर वेगळ्या स्टँडवर चालतो, कारण तो किंचित हलला तरी जाणारा आणि येणारा दोन्ही प्रकाश सोबतच हलतात.

लेझरला अडॅप्टर लावू नका. मोठ्या बॅटऱ्यांवर चालवा आणि काच लावण्याआधी निदान दहा-पंधरा मिनिटं सुरू ठेवून स्थिरावू द्या, मधे शटर म्हणून काळा पुठ्ठा. काच हाताने लावली की तिला तुमच्या बोटांची ऊब लागलेली असते. ५ सेकंदांच्या कामाला दोन-तीन मिनिटांची विश्रांती पुरते, मिनिटभराच्या कामाला मी दहा मिनिटं थांबतो. मग पुठ्ठा त्याच्या वेगळ्या आधारावरून अलगद उचलायचा पण प्रकाश अडवूनच ठेवायचा, वीस आकडे मोजायचे, मग बाजूला करायचा. त्या वेळात बोलायचं नाही, पाय हलवायचा नाही.

हे सगळं करूनही कमी वेळात भागवता आलं तर उत्तमच. सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे लेझर खाली आणणं. अंतर निम्मं झालं की तीव्रता चौपट होते. ४० वरून २० सेंटिमीटरवर आणलात तर दीड मिनिटाचे बावीस-तेवीस सेकंद होतील. पण प्रकाशाचा लंबगोलही निम्मा होईल, जेमतेम पावणेतीन सेंटिमीटर रुंद. १० रुपयांचं नाणं २७ मिलिमीटरचं, म्हणजे त्याच्या दोन कडा अर्ध्या उजेडात राहतील. २८ सेंटिमीटर हा मला मध्यम मार्ग वाटतो. तीव्रता दुप्पट, वेळ निम्मा, नाणं पूर्ण उजेडात. जास्त शक्तीचा डायोड घेण्याचा मोह होईल. घ्यायचाच असेल तर तो एकाच शुद्ध तरंगलांबीवर चालतो याची खात्री करून. शक्ती दहापट आणि तरंगलांबी गढूळ, असे बरेच डायोड बाजारात आहेत आणि त्यांच्यावर नाण्याचा फक्त काचेला लागून असलेला भाग उमटतो. आणि डोळे सांभाळा. ५ मिलिवॅटचा सरळ किरण किंवा नाण्यावरून उडालेली त्याची चमकही डोळ्यात जाऊ देऊ नका.

आता खरी परीक्षा, चाचणीची पट्टी. फोटोच्या डार्करूममध्ये काम केलेल्या कोणाला विचारलंत तर तो सांगेल, सगळ्या काचेला २ सेकंद द्या, पुठ्ठा थोडा सरकवा, आणखी २, मग ४, मग ८. होलोग्रामला ही रीत चालत नाही. एकाच जागी दोन वेळा प्रकाश दिला की तिथे दोन होलोग्राम एकावर एक बसतात, आणि मधल्या काळात काही नॅनोमीटरचाही फरक पडला असेल तर ते एकमेकांना खोडतात. मग लांब वेळाची पट्टी फिकी दिसते आणि तुम्ही वेळ जास्त झाला असा चुकीचा निष्कर्ष काढता. म्हणून प्रत्येक पट्टीला एकच, अखंड एक्स्पोजर. काळ्या पुठ्ठ्यात १२ मिलिमीटरची फट कापा, तो काचेला न टेकता वर दोन ठोकळ्यांवर ठेवा, एक पट्टी झाली की फट पुढे सरकवा, पुन्हा दहा मिनिटं थांबा. अडीच इंची काचेत अशा पाच पट्ट्या बसतात. एका काचेला तासभर लागतो, पण तो तास डबा वाचवतो.

चाचणीला नाणं नको, कारण त्याचा एक भाग चकचकीत आणि दुसरा मंद असतो. पट्ट्यांची तुलना होत नाही. धुऊन वाळवलेली जाडसर वाळू लोखंडी पत्र्यावर चिकटवा आणि वर रुपेरी स्प्रे मारा. सगळीकडे सारखा उजेड परत येतो. शिंपल्याही चालतात. तांदूळ, लाकूड, पुठ्ठा असलं काही वापरू नका. आपल्या हवेत ते ओलावा पिऊन फुगतं आणि एक्स्पोजर चालू असताना सरकतं.

लेझर २८ सेंटिमीटरवर असेल तर पाच पट्ट्यांना १०, २०, ४०, ८० आणि १६० सेकंद द्या. दुपटीची चढण मोठी वाटेल, पण पहिल्या काचेत वेळ कोणत्या मुलखात आहे एवढंच शोधायचं असतं. एक बारकावा: लांब एक्स्पोजरमध्ये चांदीच्या काचेची भूक थोडी वाढते. तीव्रता निम्मी केली तर वेळ दुप्पट करून पुरत नाही, किंचित वर द्यावा लागतो. म्हणून दूरच्या लेझरवर काढलेली वेळेची पट्टी जवळच्या लेझरला गणिताने लावण्यापेक्षा, जिथे काम करायचं त्याच अंतरावर पट्टी काढा.

पट्टीचा निकाल डेव्हलपरवरही अवलंबून असतो, आणि गोव्यात इथेच पुष्कळांचं गणित चुकतं. पाककृतीत २० अंश लिहिलेले असतात, आपल्या नळाचं पाणी मे महिन्यात ३० च्या वर असतं. गरम डेव्हलपरमध्ये काच भराभर काळी होते, आणि कमी प्रकाश मिळालेली काचही भरल्यासारखी दिसते. शिवाय ०३एमचं जिलेटिन मऊ असतं, कोमट पाण्यात कडांपासून सुटायला लागतं. परातीत बर्फाचं पाणी घेऊन त्यात डेव्हलपरचं भांडं ठेवा, थर्मामीटरने २० ते २२ अंश बघा, आणि प्रत्येक काचेला तेच तापमान, तीच मिनिटं. ब्लीच करणार असाल, म्हणजे काळेपणा रसायनाने घालवणार असाल, तर त्याआधीचा काळेपणा असा हवा की काचेतून शंभरातला एक भाग प्रकाश पार जाईल. मोबाइलचं लक्स ॲप इथे कामाला येतं: टॉर्चचा आकडा आधी काचेशिवाय घ्या, मग काचेतून, १०,००० चे १०० झाले की झालं. फक्त हे मोजमाप काच रसायनाने पक्की (फिक्स) करून, ती प्रकाशाला निर्धोक झाल्यावर. काच डेव्हलपरमध्ये दहा सेकंदांतच पूर्ण काळी झाली तर प्रकाश जास्त झाला, आणि पूर्ण वेळ देऊनही राखाडीच राहिली तर कमी.

ओल्या काचेवर निकाल काढू नका. जिलेटिन फुगलेलं असतं, थर लांब गेलेले असतात, आणि परत येणारा रंग डोळ्यांना न दिसणाऱ्या इन्फ्रारेडमध्ये गेलेला असतो. काच कोरी वाटते. वाळत जाते तसं चित्र आधी गडद लाल, मग उजळ होत वर येतं. पावसाळ्यात हे वाळणं तासन्‌तास चालतं, आणि माझ्या एका विद्यार्थ्याने चांगले होलोग्राम केवळ ओले म्हणून टाकून दिले होते. दमट हवेचा दुसरा परिणाम असा की एक्स्पोजरच्या वेळी जिलेटिनने ओलावा प्यायलेला असतो. नंतर ते आक्रसलं की लाल लेझरने काढलेलं चित्र नारिंगी किंवा पिवळसर दिसतं. ते बिघडलेलं नसतं. पण फ्रिजमधून काढलेली काच लगेच लावलीत तर ती एक्स्पोजर चालू असतानाच ओलावा पीत राहते, थर सरकतात आणि चित्र जातं. बंद डब्यातच तिला खोलीच्या तापमानाला येऊ द्या, आणि मग अंधारात अर्धा तास उघडी ठेवा.

पट्टी पूर्ण वाळली की उन्हात धरून पाहा. सूर्यासारखा दिवा दुसरा नाही. पाच पट्ट्यांमध्ये उजेड चढत जाऊन एका ठिकाणी सर्वांत जास्त होईल आणि मग उतरेल. उतरण्याची कारणं दोन असू शकतात, ती ओळखायला शिका. पुढची पट्टी उजळच आहे पण धुरकट झाली, तर प्रकाश जास्त झाला. पुढची पट्टी काळी पडली आणि वाळूचे दाणे एकदम नाहीसे झाले किंवा त्यांच्यावर आडव्या काळ्या रेघा आल्या, तर टेबलाचा दम तिथे संपला. समजा ४० सेकंदांची पट्टी बरी, ८० ची उत्तम आणि १६० ची गेलेली, तर दुसऱ्या काचेत ५०, ६०, ७०, ८५ आणि १०० देऊन बघा आणि सर्वांत उजळ पट्टीच्या एक पायरी अलीकडची निवडा. तिथे चित्र किंचित कमी उजळ असतं, पण पार्श्वभूमी स्वच्छ असते आणि अवेळी आलेल्या एखाद्या ट्रकसाठी थोडी जागाही राहते. आणि १० सेकंदांपासूनच पट्ट्या मावळत जात असतील, काळेपणा मात्र वाढतोय, तर वेळ शोधणं तिथेच थांबवा आणि परत टेबलाकडे वळा. त्या स्थितीत ०३एम तुमच्याकडे कुठल्याच सेकंदाला येणार नाही.

तुमच्या सातांपैकी दोन काचा अशा पट्ट्यांना द्या, पाच नाण्यांना उरतात. आधी काच न लावता भिंतीवरच्या पट्ट्या बघण्यात एक अख्खी रात्र घालवा, डिचोलीच्या घरी, बारा वाजल्यानंतर. फोटोडायोड २८ सेंटिमीटरवर किती मिलिव्होल्ट दाखवतो, खोलीचं तापमान किती, डेव्हलपर किती अंशांवर होता, एवढं वहीत लिहून ठेवा. वाळलेल्या पट्टीचा उन्हातला फोटो आणि ते आकडे पाठवलेत, आरशाचा कोपरा चमकतो की नाही तेही लिहिलंत, तर नाण्याला किती सेकंद द्यायचे ते मी तुम्हाला त्यावरून सांगू शकेन.